पायगोंडा मगदूमांची मुकी घंटा

पायगोंडा मगदूम यांना दुसऱ्याच्या हातचे काही चांगले वाजलेले सहन होत नसे. हुपरीत राहून असा स्वभाव बाळगणे म्हणजे साखर कारखान्याच्या दारात घर बांधून मळीच्या वासावर रागावण्यासारखे आहे. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी चांदीत असतो. कुणी आटणी करतो, कुणी तार ओढतो, कुणी साखळी विणतो, कुणी घुंगरे घडवतो. सकाळी गल्लीतून चालत गेले की प्रत्येक दारातून निराळी किणकिण कानावर येते. गाव पायगोंडांना पायाप्पा म्हणायचे, आणि पायाप्पा त्या प्रत्येक दारापुढून तोंड वाकडे करून जायचे.

पायाप्पांच्या आणि आमच्या घरांत एकच भिंत आहे. मी बी.कॉम. होऊन पतसंस्थेत लागलो आणि येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. चांदीशी माझा हाताचा संबंध कधी आला नाही. त्यामुळे पायाप्पांचे माझ्याशी कधीच बिघडले नाही. बाकी गल्लीत त्यांचे ज्याच्याशी वर्षातून एकदा तरी बिघडले नाही, असा माणूस मला आठवत नाही.

घुंगरू घडवायला बसले म्हणजे मात्र हाच माणूस शांत होई. चांदीच्या पातळ पत्र्यातून ते गोल चकत्या कापत. पितळेच्या ठोकळ्यात लहानमोठे खळगे असत. चकती खळग्यावर ठेवायची, वर गोल तोंडाची पोलादी दांडी धरायची आणि हातोडीचे हलके ठोके द्यायचे. चकतीची वाटी होई. अशा दोन वाट्या, त्यातल्या खालच्या वाटीला बारीक चीर, आत एक गोळी, मग दोन वाट्यांच्या कडा जुळवून वर सवागी, म्हणजे टाकणखार, लावायची आणि फुंकणीने दिव्याची ज्योत वळवून डाक द्यायची. डाक म्हणजे जोड. ती जास्त पडली तर आतली गोळी कडेला चिकटून बसते आणि घुंगरू कायमचे मुके होते. पायाप्पांचे घुंगरू चिकटलेले मी कधी पाहिले नाही. आता हे सगळे काम यंत्रावर होते, एका दाबात शंभर वाट्या पडतात. यंत्रावरही पायाप्पा जळत. "त्येला काय कळतंय? त्येला कान हाय का?" असे म्हणत.

त्यांचे सगळ्यात जुने जळणे चुलत्याच्या घरावर होते. चुलते वारले, त्यांचा मुलगा भूपाल पुढच्या गल्लीत तेच काम करतो. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आरतीला जी चांदीची घंटा वाजायची ती भूपालच्या वडिलांनी घडवलेली होती. चाळीस वर्षे रोज सकाळी पायाप्पा दर्शनाला गेले आणि चाळीस वर्षे रोज ती घंटा ऐकून परत आले. देवापुढे हात जोडलेले असताना त्यांचा जबडा आवळलेला असायचा, हे मी शेजारी उभा राहून पाहिले आहे.

लग्न झाले तेव्हाची एक गोष्ट त्यांच्या आईने माझ्या आईला सांगितली होती. नवी नवरी जिनमती घरात आली ती पायात छान वाजणारे पैंजण घालून. चौकशी केली तर ते पैंजण भूपालच्या वडिलांकडून घेतलेले निघाले. तिच्या माहेरच्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! पाचव्या दिवशी पायाप्पांनी ते पैंजण मुशीत टाकून आटवले आणि पंधरा दिवस खपून नवे घडवले. तोवर नवरी घरभर बिनआवाजाची फिरत होती. सासू म्हणाली, "अगं, तू हाईस का न्हाईस तेच कळंना झालंय."

त्या जिनमती वहिनींनी पुढे अडतीस वर्षे त्यांच्यासमोर बसून काम केले. घडण आणि डाक पायाप्पांची, ओप, म्हणजे शेवटची झळाळी, वहिनींचा, अशी वाटणी होती. जोडलेला नग चिंचेच्या पाण्यातून काढला की तो वहिनींकडे जाई. त्या गुळगुळीत तोंडाच्या लहान हातोडीने त्यावरचे भट्टीचे डाग आणि उंचवटे ठोकून बसवत, मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून ओपणीने, म्हणजे अकिकाच्या दगडाने, घासत राहत. मोठा नग असला तर दोन दोन दिवस. बाईमाणसाचे रिकामपणचे काम, असेच सगळे त्याकडे बघत. मीही तसेच बघत होतो.

चहाच्या टपरीवर बसून पायाप्पा जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या पायांतला आवाज ओळखायचे. टपरीवाला दादू मुद्दाम काडी लावायचा.

"पायाप्पा, ही गेली हिच्या पायात कुणाचं?"

"भूपालचं. खरकटी ताटं घासल्यागत वाजतंय."

"आन् ही?"

"मशिनीचं. पत्र्याच्या डब्यात खडं."

"मग चांगलं कुणाचंच न्हाई म्हना की."

"हाय की. घरात बसलंय त्ये, टपरीव येत न्हाई."

*

गेल्या दिवाळीच्या आधी पायाप्पांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. महिनाभर ज्योतीपुढे बसायचे नाही, वाकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ते ओसरीवर काळा चष्मा लावून बसून राहिले. एक दोन कामे अडली होती, ती वहिनी 'बघतो कायतरी' म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'करतो, बघतो' अशाच बोलतात. काय बघितले ते कुणी विचारले नाही.

डिसेंबरात रेंदाळला एका लग्नाला आम्ही दोघे माझ्या स्कूटरवरून गेलो. दिवस मावळायच्या आत जेवणे उरकायची म्हणून चार वाजताच पंगत बसली. मसालेभात झाला, बुंदी आली. वाढणारी एक तरुण बाई आमच्या ओळीतून झपझप पुढे गेली आणि पायाप्पांचा घास हातातच राहिला.

"रावसाब, ऐकलंस?"

"काय?"

"गप. परत येऊ दे तिला."

ती मठ्ठा घेऊन परत आली. मी ऐकले. माझा कान कामाचा नाही, पण तेवढ्या गोंगाटातूनही तो आवाज वेगळा कळत होता. प्रत्येक पावलाला सुटा, स्वच्छ, एकात एक न मिसळलेला.

"भूपालचं असंल," मी म्हणालो.

"भूपालच्या बापाला जमलं न्हाई असलं." त्यांचा चेहरा उतरला होता. "ह्यो कोन नवा आला? निपाणीचा? का कोल्हापुरातला कोन? रावसाब, ह्यो मानूस आपल्याला बसू देत न्हाई आता."

आणि पानावरचे तसेच टाकून ते उठले. आमच्यात पान टाकून उठणे किती वाईट दिसते ते वेगळे सांगायला नको. सगळी पंगत बघत राहिली. सदुसष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून एका तरुण बाईच्या पावलांमागे मांडवातून स्वयंपाकाकडे निघाला. मीही मागून गेलो, नाइलाज होता.

आचारी म्हणाला, "आजोबा, काय सांडलंय व्हय? खाली काय हुडकायलायसा?"

ती बाई वळली. नवरीची भावजय होती, तोंडाची मोकळी. "काय वं मामा? मगाधरनं माझ्या पायाकडं बघायलायसा. मामी न्हाई का आली संगं?"

बायका हसल्या. पायाप्पांना त्याचे काही नव्हते.

"पोरी, ह्ये पैंजण कुणाकडनं केलंस?"

"चेष्टा करताय व्हय मामा?"

"न्हाई. सांग."

"अवं तुमच्याच घरातनं! दिवाळीच्या आधी. जिनाक्कांनी सवताच्या हातानं माझ्या पायात घाटलं."

ते तिथल्याच एका खुर्चीवर बसले. तिला म्हणाले, "एकदा चालून दाखीव." ती बिचारी बुंदीची परात हातात धरून चार पावले गेली, चार पावले परत आली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हा प्रकार पाहून नवरीचा मामा माझ्या कानाशी लागला, "पाव्हण्यांची तब्येत बरी हाय न्हवं?"

परतताना पायाप्पा गाव जवळ आल्यावर एकच वाक्य बोलले. "दिवाळीच्या आधी माझ्या डोळ्याव पट्टी हुती, रावसाब."

घरात शिरताना त्यांनी माझा हात सोडला नाही. साक्षीदार हवा होता बहुतेक. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"रेंदाळच्या पैंजणाची डाक कुणी दिली?"

"मी दिली."

"कुणी शिकवली?"

"शिकवाय कशाला लागतंय? अडतीस वर्सं म्होरंच बसून हाय न्हवं तुमच्या."

"डाक जास्त पडलीया."

वहिनींनी सूप खाली ठेवले. "जास्त पडली असती तर गोळ्या चिकटल्या असत्या. वाजलं न्हाई व्हय?"

वाजले तर होतेच. वाजले नसते तर ते पानावरून उठलेच नसते. त्यांनी खुंटीवरची फुंकणी काढली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.

"आजपासनं फुंकणीला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

"हातोडीला न्हाई, ओपणीला न्हाई, कश्शाला न्हाई. ह्या घरात घुंगराचं काम मी करतोय."

"न्हाई लावत," वहिनी पुन्हा म्हणाल्या. "खरं एकदा न्हाई म्हटलं की न्हाई. मागनं हाका मारू नगासा."

वहिनींचे माहेर सांगावचे, शब्दाला पक्क्या माणसांचे. त्या एकदा बोलल्या की बोलल्या.

त्या दिवसापासून पायाप्पा आपला नग घडवून झाला की पुढच्या चौकातल्या यंत्रावर पॉलिश करून आणू लागले. यंत्रावर अर्ध्या तासात आरसा होतो. त्या दोन महिन्यांत आली ती कामे वाट्या-करंड्यांची, वाजणारा नग एकही नव्हता. वहिनींनी गोधड्या शिवायला घेतल्या.

*

माघात एका सकाळी धन्यकुमार उपाध्ये, आमच्या बस्तीतले पूजा सांगणारे, पायाप्पांच्या ओसरीवर येऊन बसले. पंच्यात गुंडाळलेली जुनी घंटा त्यांनी उलगडून दाखवली. काठापासून वरपर्यंत तडा गेला होता.

"महावीर जयंतीला नवी पाहिजे," उपाध्ये म्हणाले. "भूपाल म्हणतोय, बापानं केलेली हुती, मीच करतो. खरं मला वाटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुमच्या हातची कधी झालीच न्हाई."

पायाप्पांनी ती फुटकी घंटा दोन्ही हातांत घेतली. चाळीस वर्षांचा त्यांचा वैरी त्यांच्या मांडीवर पडला होता. "करतो," म्हणाले. एवढेच. पण उपाध्ये गेल्यावर माझ्या दारात आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. "रावसाब, आता रोज सकाळी माझी वाजंल. भूपाल हात जोडून हुबा असंल आन् माझी वाजंल." मी त्यांना एवढे आनंदी कधी पाहिले नव्हते.

ही घंटा म्हणजे ओतकाम नव्हे. वीतभर उंचीची, हातात धरून वाजवायची, पत्र्यातून उठवलेली. त्यांनी जाड पत्र्याची चकती घेतली, लाकडाच्या खळग्यात ठोकून आधी तिची खोल वाटी केली. मग पोलादी खुंट्यावर पालथी घालून कडेकडेने ठोकत ती उंच नेली. चांदी ठोकत गेले की कडक होते आणि चिरते, म्हणून दर थोड्या वेळाने लाल तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. तोंड बाहेर वळवले. काठाला तारेची कडी जोडली. आत लोलक टांगायला नाके जोडले. वर पोकळ दांडी जोडली. तीन डाकी, तिन्ही अशा की जोड कुठे आहे ते बोटाला लागू नये. बारा दिवस हे काम चालले होते. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येत होते.

त्यांच्या घरात एक दंडक होता, वडिलांपासूनचा. ओप चढल्याशिवाय नग वाजवायचा नाही. अर्धा नग वाजवला तर त्याला दृष्ट लागते. पायाप्पा हा दंडक इतका पाळायचे की डाक दिलेले घुंगरू चिंचेच्या पाण्यातून काढतानासुद्धा मुठीत आवळून धरायचे. लग्नापासून आपला कुठलाही वाजणारा नग त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो वहिनींकडून परत आल्यावरच.

घंटा यंत्रावर गेली, आरशासारखी होऊन आली. त्यांनी मला बोलावून घेतले. वहिनी आत गोधडीला टाके घालत होत्या. पायाप्पांनी घंटा कपाळाला लावली, हात उंच केला आणि वाजवली.

ठक्.

त्यांनी पुन्हा वाजवली. ठक्, ठक्. लाकडी पेटीच्या झाकणावर कुणी बोट मारावे तसा आवाज.

"लोलक हलका झाला असंल," मी म्हणालो.

लोलक बदलला. आवाज तोच. मग त्यांना वाटले चांदीतच खोट आहे. ती घंटा, ती बारा दिवसांची घंटा, त्यांनी मुशीत टाकली आणि नवीन चांदी आणून दुसरी घडवली. ही आठ दिवसांत झाली. यंत्रावर जाऊन आली. ठक्. मग पत्रा जाड घेऊन तिसरी. ती वाजवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. तिचाही आवाज तसाच, उलट जरा खोलवर कुठेतरी बसलेला.

त्यांनी घरावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "भूपाल परवा दारावरनं गेला. थांबून बघत हुता," म्हणाले. मग आत वळून ओरडले, "तू तर काय केलं न्हाईस न्हवं?"

"हात लावू नगं म्हटलासा," आतून उत्तर आले. "लावला न्हाई."

मी पाण्याचे निमित्त करून आत गेलो. "वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे ना, काय चुकतंय ते?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. "भावजी, मला ठाऊक हाय का न्हाई, ह्ये त्यास्नी इचारायचं हाय. तुमास्नी न्हाई."

महावीर जयंतीला पाच दिवस राहिले. टपरीवर दादूने बातमी दिली की काल उपाध्ये भूपालच्या दारात दिसले. पायाप्पांचा चहा बशीत तसाच राहिला. तेवढ्यात भूपालच टपरीवर आला. तो माणूस वाईट नाही, पण तोही मगदूमच.

"काय दादा," तो पायाप्पांना म्हणाला, "घंटेनं मौनव्रत घेतलंय म्हनं? घेऊ दे की. पुढचा चातुर्मास संपला की बोलंल."

सगळी टपरी हसली. पायाप्पा हसणाऱ्यांकडे नाही, भूपालच्या हातांकडे बघत होते. मग उठले आणि घरी आले. मी मागोमाग होतो.

दुपारचे ऊन ओसरीत आले होते. वहिनी गोधडी पसरून बसल्या होत्या. पायाप्पांनी कपाट उघडले. फुंकणी, लहान हातोडी, ओपणी, तिसरी घंटा, सगळे आणून वहिनींपुढच्या गोधडीवर ठेवले आणि समोर बसले.

"जरा बघ," ते शेवटी म्हणाले.

"काय बघू?"

"वाजंना."

"का वाजंना?"

"ते मला ठाऊक असतं तर तुझ्याम्होरं येऊन बसलो असतो व्हय?"

"म्हंजे मला ठाऊक असंल असं वाटतंय तुमास्नी?"

पायाप्पांनी माझ्याकडे बघितले, मी छताकडे बघितले. रुतलेला काटा उपसावा तसे ते म्हणाले, "व्हय."

वहिनींनी गोधडीत सुई टोचून ठेवली आणि रिठे भिजत घालायला उठल्या.

त्या दुपारी पायाप्पांनी अडतीस वर्षांत पहिल्यांदा वहिनींचे काम बसून पाहिले. वहिनींनी घंटा खुंट्यावर पालथी घातली आणि त्या गुळगुळीत हातोडीने तळापासून गोल गोल बारीक ठोके देत वर चढू लागल्या. ठोका इतका हलका की खूणही दिसू नये, आणि एकावर एक इतका दाट की सुईच्या टोकाएवढी जागा सुटू नये.

"ह्ये डाग काढायचं न्हवं?" पायाप्पांनी विचारले.

"डाग केवढं असत्यात? भट्टीतनं आली की चांदी लोण्यागत मऊ पडती. तुमी शेवटची डाक दिलासा की झाली मऊ. मऊ कवा वाजंल? ठोकून, घासून जरा ताठ कराय लागती. मशीन काय करतंय? वरनं तोंड पुसतंय निस्तं." ठोके चालूच होते. "अडतीस वर्सं तुमी मऊ करून देतासा, मी ताठ करून देतो."

"मग सांगितलं का न्हाईस कवा?"

"इचारलासा कवा? तुमी गावभर सांगत हुतासा, पायाप्पाचा हात वाजतोय म्हणून. म्हटलं वाजू द्या."

दिवस मावळायच्या आत जेवणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओपणी सुरू झाली. रिठ्याच्या पाण्याचा फेस, त्यात दगड, आणि वहिनींचा अंगठा. दुपारी त्यांनी घंटा धुतली, पुसली, लोलक टांगला आणि पायाप्पांपुढे धरली.

"अजून एक हात ओप ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "खरं वाजवा. दिष्ट लागायची ती लागू दे."

वडिलांचा दंडक मोडायला पायाप्पांचा हात आधी धजला नाही. मग वाजवली. आवाज बारीक आणि सरळ निघाला, ओसरीतून अंगणात गेला आणि तिथेच कितीतरी वेळ उभा राहिला. पलीकडच्या घरातली बाई दारात येऊन बघू लागली. मला वाटले आता हे रडतील किंवा हसतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. भूपालच्या दारापुढून जाताना त्यांचे जसे तोंड व्हायचे, अगदी तसेच तोंड करून ते वहिनींच्या अंगठ्याकडे बघत होते. अडतीस वर्षे ते ज्या आवाजाच्या जोरावर सगळ्यांना नावे ठेवत आले, तो घरातल्याच दुसऱ्या कुणाचा तरी निघाला होता.

*

महावीर जयंतीला बस्ती भरली होती. उपाध्यांनी आरतीला घंटा उचलली आणि पहिल्याच ठोक्याला मागची माणसे पुढे सरकली. आरती संपल्यावर कमिटीचे अध्यक्ष पायाप्पांना पुढे घेऊन आले, श्रीफळ त्यांच्या हातात देऊ लागले. "चाळीस वर्सं थांबला आमचा पायाप्पा, खरं आवाज काढला बघा!"

पायाप्पांनी हात पुढे केला नाही. ते पुरुषांच्या बाजूला उभ्या असलेल्या भूपालकडे बघत होते. पलीकडे बायकांच्या बाजूला वहिनी उभ्या होत्या. त्या घंटेकडे बघत होत्या, यांच्याकडे नाही. मी जवळच होतो, मला त्यांची अडचण कळत होती. श्रीफळ घ्यावे तर वहिनींसमोर घ्यायचे. न घ्यावे तर भूपालसमोर सांगायचे. भूपालसमोर काही कबूल करण्यापेक्षा त्यांनी एरवी बोट कापून दिले असते.

"घडण माझी हाय," ते म्हणाले. "आवाज हिचा हाय. श्रीफळ तिला द्या."

बस्तीत कुजबुज झाली. भूपालला राहवले नाही. "म्हंजे दादा, आजपातूर तुमची घुंगरं..."

"व्हय. आजपातूर तू ज्या आवाजाव जळलास, त्यो बी हिचाच."

"मी कवा जळलो?" भूपाल म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

वहिनींनी पदर सावरून श्रीफळ घेतले आणि घरी आल्यावर त्याची बर्फी केली. आमच्याकडे वाटीभर आली.

आता त्यांच्या घरी कामाची वाटणी बदलली आहे. डॉक्टरांनी पायाप्पांना ज्योतीपुढे बसायला कायमची मनाई केली, तेव्हापासून डाक वहिनी देतात. ओप पायाप्पा देतात. पहिले दोन महिने वहिनींनी त्यांचे काम पाच पाच वेळा परत केले. आता करत नाहीत. लोक येतात ते 'जिनाक्कांचं पैंजण' मागत येतात, आणि ते शब्द उच्चारले गेले की पायाप्पांच्या ओपणीचा आवाज थांबतो.

परवा मी बसलो असताना निपाणीची एक बाई आपले पैंजण न्यायला आली. पायात घालून ओसरीभर फिरली आणि वहिनींचा हात धरून म्हणाली, "अक्का, काय हात हाय वं तुमचा! असली डाक कुनाला जमंल?"

कोपऱ्यातून पायाप्पा म्हणाले, "डाक कुनीबी देतंय."

बाईने वळून बघितले.

"वाजतंय ते ओपावर वाजतंय. ओप कुनी दिलाय, इचारा की तिला."

वहिनी हसल्या. "त्यांनीच दिलाय, बाई."

"मोठ्यांदा सांग," पायाप्पा म्हणाले. "तिला ऐकू गेलं न्हाई."